तेहतीस मतं

"कुराण डोक्यावर धर, बासो. आणि सांग, चिठ्ठीवर काय लिहिलंस."

लाबेद्दूने हिरव्या फडक्यातलं कुराण उशीवर ठेवलं. लाबेद्दू बंदरावर मासळीचा लिलाव करायचा, आवाज तसाच. त्याच्यामागे गावातले वीसेक पुरुष मांडी घालून बसलेले. बासोच्या वडिलांच्या घराची लाकडी जमीन करकरत होती. खाली खांबांमधे कोंबड्या ओरडत होत्या.

बासो आत्ताच मकास्सरच्या बसमधून उतरला होता. शर्टाला अजून घामाचा वास. तीन दिवसांपूर्वी जकार्त्याच्या सभागृहात त्याने मत दिलं होतं, आणि राष्ट्राध्यक्ष पडला होता.

तो राष्ट्राध्यक्ष याच गावात जन्मलेला. बुटका, मोठ्या डोळ्यांचा, विमानं बनवणारा माणूस. सतरा महिने खुर्चीवर होता. तेवढ्यात त्याने वर्तमानपत्रं मोकळी केली, कैदी सोडले, खरीखुरी निवडणूक घेतली. मग सभागृहापुढे उभा राहिला. माझा कारभार तुम्हाला मान्य आहे का, विचारलं. सभागृह म्हणालं, नाही. तेहतीस मतांनी. आणि गावागावात एकच बोलणं, त्याच्याच माणसांनी घात केला.

"जकार्त्याच्या हॉटेलातली गादी लई मऊ असते म्हणे," लाबेद्दू म्हणाला. "झोपून उठलं की माणूस विसरतो कुठल्या गावचा ते."

दोघंतिघं हसले. बासो नाही हसला.

"मी 'मान्य' लिहिलं. पण चिठ्ठीवर नाव नसतं, लाबेद्दू. दाखवू कसं?"

"म्हणून तर हे आणलंय ना."

खरं तर बासोला बरंच वाटलं. मतदानानंतर हॉटेलात कोणी कोणाच्या डोळ्यात बघत नव्हतं. लिफ्टमधे सगळे छताकडे बघायचे. इथे निदान एक वाट होती. तो खाली जाऊन हातपाय धुऊन आला, डोक्यावर टोपी घातली, आणि दोन्ही हात पुढे केले.

"हात मागे घे."

त्याचे वडील, हाजी साक्का. शहात्तर वर्षांचे. बासोला निवडून आणायला हाच म्हातारा दारोदार पायऱ्या चढला होता. आपला माणूस वर बसलाय, त्याच्या पाठीशी आपला पोरगा पाठवू, असं प्रत्येक घरात सांगितलं होतं.

"माझा मुलगा शपथ घेणार नाही."

"पण पुआंग हाजी," लाबेद्दू आदराने म्हणाला, "गावाला कळायला नको?"

"माझी अब्रू पुरत नाही का रे तुला? ती घेऊन जा."

लाबेद्दूने मान खाली घातली. कुराण उचललं, कपाळाला लावलं. हाजी साक्काच्या शब्दापुढे या गावात कोणी जात नव्हतं. एकेक जण पायऱ्या उतरून गेला.

बासोने वडिलांकडे बघितलं. अख्ख्या देशात एक माणूस तरी होता ज्याला शपथ लागत नव्हती.

आईने केळीच्या पानात वाफवलेलं बारोंगको, केळ्याचं गोड, आणून ठेवलं. त्याच्याकडे बघितलं नाही. भिंतीवर राष्ट्राध्यक्षाचा फोटो होता तसाच होता. शेजारचा खिळा रिकामा.

"इंदो, माझा फोटो कुठे गेला?"

"काच फुटली," आई म्हणाली. "दुरुस्तीला दिलाय."

"चारची बस आहे," वडील म्हणाले.

"आजच? मी दोन दिवस राहायला आलोय, अंबो."

"चारची आहे."

आईने शिदोरीचं गाठोडं बांधलं. वडील त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. बासोने वाकून त्यांचा हात कपाळाला लावला.

"तुम्ही विश्वास ठेवलात. मी हे कधी विसरणार नाही."

वडील समुद्राकडे बघत राहिले.

"माझ्याशी खोटं बोललास, ते मी गिळीन. पण कुराण डोक्यावर धरून बोलला असतास तर तुझं वाटोळं झालं असतं. म्हणून थांबवलं."

बासोला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"अंबो, मी खरंच मान्य लिहिलं."

"सगळ्यांनीच लिहिलंय. ज्याला विचारावं त्याने मान्य लिहिलंय. मग तो पडला कसा?"

"चला, मशिदीत चला. आत्ता घेतो शपथ. तुमच्यासमोर."

"नको." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मला एकच मुलगा आहे."

बस आली. बासो खिडकीशी बसला. वडील पाठमोरे चालत गेले, एकदाही वळले नाहीत.

गाव मागे पडल्यावर त्याने मांडीवरचं गाठोडं सोडलं. वर बुरासा होते, नारळाच्या दुधातला भात, पानात घट्ट बांधलेला, अजून गरम. खाली काहीतरी चौकोनी, टणक लागलं. त्याने ओढून काढलं.

त्याचा फोटो. निवडून आला त्या दिवशीचा, वडिलांच्या खांद्यावर हात टाकलेला.

काच शाबूत होती.