तोंड गोड

खामगावातल्या त्या रिकाम्या खोलीत ओल्या चुन्याचा वास भिंतींवरून उतरून घशात साचत होता. पुण्यातली नोकरी गेल्यापासून उद्धव बायकोला, शैलजाला, एवढेच विनवत होता, की ओळखीचे कुणी नसलेल्या या स्वस्त गावात आपण तग धरू, तू फक्त हो म्हण. हे घर हातचे गेले, तर परवडेल असे छप्पर आता उरले नव्हते.

"घेऊ या," शैलजा अखेर म्हणाली. कितीतरी महिन्यांनी उद्धव हसला.

घरमालक पंजाबरावांनी लगबगीने दोघांच्या हातांवर पेढे ठेवले. "तोंड गोड करा ताई! आमच्या पोराले, शिवमले, पुन्यात नोकरी लागली, म्हून तं ही खोली खाली झाली. त्या कंपनीनं जास्त पगाराचे जुने लोकं काढले म्हन्ते, अन् नवे पोरं भरले."

"कोणती कंपनी?" उद्धवने विचारले.

पंजाबरावांनी अभिमानाने नाव सांगितले. "तुमीबी पुन्याचेच ना भाऊ? तुमी कोन्त्या कंपनीत होते?"


उद्धवने आपला पेढा शैलजाच्या तळहातावर, तिच्या पेढ्याशेजारी ठेवला आणि तो जिना उतरू लागला.