दोन पावलांची जागा

अखेर आजोबा उठले आणि सगळी संगमरवरी फरशी आरशासारखी लखलखली. पण असं काही घडलंच नाही, असं आपण धरून चालू. तूर्तास आजोबा ओट्यासमोर खुर्ची टाकून ठाण मांडून बसलेत आणि पॉलिशवाला मशीन धरून ताटकळलाय.

"काका, उठा की. एवढाच तुकडा राहिलाय."

"पायाला मुंग्या आल्यात."

"सकाळपासून?"

"शिस्तीच्या आहेत. रांगेनं येतायत."

"बाबा, हट्ट पुरे," मुलगा म्हणाला. "नेमकी तिथंच फरशी सगळ्यात जास्त झिजलीय."

झिजणारच. आजीनं जन्मभर तिथं उभं राहून स्वयंपाक केला. आता तिला घरदार, मुलगा, कुणी म्हणता कुणी आठवत नाही. फक्त त्या दोन खोलगट जागांवर अनवाणी पाय टेकले, की ती आधण ठेवते आणि हाक मारते, "अहो, चहा!" मुलगा याला योगायोग म्हणतो.

मशीन घरघरलं. त्याच्यावर आवाज चढवून आजोबा म्हणाले, "अर्जदाराची नम्र विनंती, की सदर दोन पावलं झिजलेल्या स्थितीतच कायम ठेवावीत. अर्जदाराला 'अहो' म्हणणारं दुसरं कोणी नाही."