फुकटचा पडदा

दुपारी जरा डोळा लागला, की इंदुमतीबाईंना उंट दिसत. सगळा जन्म वेंगुर्ल्यात गेलेल्या बाईंचा उंटांशी काय संबंध? पण तक्रार कुणाकडे करणार! स्वप्नांवर पडदा घालणारी सेवा त्यांनीच हौसेने घेतली होती, फुकट मिळतेय म्हणून. वारलेले यजमान स्वप्नात येऊन गेले, की जाग येताच फोन त्यांच्याच आवाजात चहापत्ती विकू लागायचा. ते ऐकवेना.

पडदा घातला आणि स्वप्नांत डोकावून जाहिराती करणाऱ्या कंपन्यांना त्यांची स्वप्नं दिसेनाशी झाली. खुद्द बाईंनाही दिसेनाशी झाली. फुकटच्या पडद्याची रीतच तशी: तुमचं स्वप्न दुसऱ्याच्या झोपेत लपवायचं आणि तिसऱ्याचं तुमच्या.

एकदा दारात एक अनोळखी मुलगी येऊन उभी राहिली.

"काकू, मी रेणू मेश्राम, चंद्रपूरची. तुमचा हा निळा झोपाळा रोज माझ्या स्वप्नात येतो. समोरच्या दुकानाच्या पाटीवरून गाव शोधलं. झोपाळ्यावर एक आजोबा बसलेले असतात."

इंदुमतीबाईंनी चौकट घट्ट धरली. "बरे आहेत?"

"मजेत आहेत. 'इंदूला सांग, चहा टाक,' म्हणतात. तुम्ही कुठे दिसत नाही, मग मीच टाकते. साखर किती घालू, तेवढं विचारायला आले."

पडदा काढला तर ते परत येतील. पण त्यांच्यामागोमाग ती चहापत्तीही येईल. बाई रिकाम्या झोपाळ्याकडे बघत राहिल्या. मधुमेहापायी शेवटी शेवटी त्यांनी यजमानांना साखरेचा कणही दिला नव्हता.

"दोन चमचे घाल," त्या म्हणाल्या, "आणि इंदूनेच घालायला सांगितली म्हणावं."