हवेत नसलेला ठोका

"ठोका ऐकू आला की टेबलावर बोट आपटा," असं सांगून सूनबाईंनी सासरेबुवांच्या कानांवर हेडफोन चढवला. डोक्याला सात-आठ तारा आधीच चिकटवल्या होत्या. त्या अवतारात सासरेबुवा शक्य तितक्या रुबाबात बसले.

रुबाब गरजेचा होता. चाळीस वर्षं सभागृहाचा पियानो तेच सुरात लावत आले होते आणि आता नव्या व्यवस्थापकानं त्यांच्याकडे कानाचा दाखला मागितला होता. दाखला देणार सूनबाई; कान तपासणं आणि त्यावर संशोधन करणं हेच त्यांचं काम. डावा कान दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता, हे त्या कानाच्या मालकाखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. जेवायलासुद्धा ते डावी बाजू भिंतीकडे करून बसत.

"दाखल्याचं नंतर बघू. आधी माझ्या प्रयोगाला पाच मिनिटं द्या," सूनबाई म्हणाल्या. "उजव्या कानात एक सूर, डाव्यात त्याहून किंचित चढा. दोन्ही सपाट. पण मेंदू दोघांची गाठ घालतो आणि आतल्या आत ठोका तयार करतो. मग मेंदूच्या लहरी त्या ठोक्याच्या चालीनं चालतात का, ते मी बघतेय. काहींच्या चालतात, काहींच्या ऐकत नाहीत."

सासरेबुवांनी पडद्यावर तिरका डोळा टाकला. एक सूर २५० कंपनांचा, दुसरा २५२चा. म्हणजे सेकंदाला दोन ठोके. एवढं गणित त्यांच्या बोटांत होतं. पियानोच्या दोन तारांमधला असाच ठोका हेरायचा आणि तो नाहीसा होईपर्यंत खुंटी पिळायची, हाच तर त्यांचा जन्मभराचा धंदा. उजव्या कानात एक सपाट, एकटा सूर आला. त्यांनी डोळे मिटले आणि घड्याळासारखं बोट आपटायला सुरुवात केली. मध्ये एकदा "वा!" असंही म्हणाले.

सूनबाईंनी आधी बोटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"सुरेख चाललंय, बाबा. फक्त डावा सूर मी अजून सोडलेला नाही."

बोट हवेतच राहिलं.

"सोड की मग."

"केव्हाच सोडलाय. बोट थांबलं, तेव्हाच."

सासरेबुवांनी हेडफोन काढला. सूनबाई दाखल्याच्या कोऱ्या कागदाकडे बघत होत्या.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"आणि पियानो?"

"उजव्यानं लावतो. आली का कोणाची तक्रार?"

सासरेबुवांनी हेडफोनच्या दोन्ही वाट्या समोरासमोर धरल्या आणि मधल्या फटीला उजवा कान लावला. आता दोन्ही सूर हवेतच एकमेकांना भेटत होते. "बदल आकडे. मला दाखवू नकोस."

सूनबाईंनी पडदा फिरवला.

"तीन," सासरेबुवा म्हणाले. "नाही, थांब. तिनाला जरासा कमी."

पडद्यावर फरक होता दोन पूर्णांक नऊ. सूनबाईंनी आकडे पुन्हा बदलले.

"एक. आळशी आहे, पण एकच."

पुन्हा बदलले.

"यात ठोकाच नाही. म्हाताऱ्याला फसवतेस?"

पडद्यावर फरक शून्य होता. सूनबाईंनी तो आकडा दोनदा तपासला. मग दाखल्यावर लिहिलं: 'डावा कान बंद. उजवा उत्तम. आमचं यंत्र बिघडल्यास यांना बोलावावं.' आणि सही ठोकली.

सासरेबुवांनी दाखला वाचून खिशात ठेवला, पण उठले नाहीत.

"तो तुझा ठोका. हवेत नसतोच म्हणतेस?"

"नसतो. फक्त डोक्यात."

"आणि तुला ऐकू येतो?"

"येतो ना."

"कमाल आहे! तार नाही, हातोडी नाही, आणि वाजतंय!"

सूनबाईंनी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला. डोळे मिटले, सासऱ्यांचा हात ओढून घेतला आणि मनगटावर एका बोटानं हलकेच ठोका देऊ लागल्या. सासरेबुवा श्वास रोखून, उजवा कान मनगटाकडे झुकवून बसून राहिले.

"कसा आहे?" डोळे न उघडताच सूनबाईंनी विचारलं.

"गोड आहे," सासरेबुवा म्हणाले. "पियानोत असता तर काढावा लागला असता."