गाडी सुरू होईना

“काल तू हात लावलास, आज गाडी सुरू होत नाही,” ओरेस्ट म्हणाला. “मी आरोप करत नाही. झालं ते सांगतोय.”

रेमी खुर्ची पुढे ओढून स्क्रीनकडे बघत होता. गाडी म्हणजे आगगाडीचा गेम. ओरेस्ट हुमेनिअकनं एकतीस वर्षं कॅनडातल्या विनिपेगहून पश्चिमेला मालगाड्या नेल्या, आणि निवृत्त झाल्यापासून तोच मार्ग तो घरात बसून कॉम्प्युटरवर हाकत होता. गेमची नवी आवृत्ती जुन्या ग्राफिक्स कार्डावर अडखळायला लागली, म्हणून काल, शनिवारी, रेमीनं नवं कार्ड आणून बसवलं होतं. रेमी देजार्ले हा ओरेस्टच्या मुलीचा, लॅरिसाचा होणारा नवरा. दुसरा. पहिल्याचं नाव या घरात कुणी काढत नसे.

गेमवर क्लिक केलं की स्क्रीन काळी व्हायची आणि एकच ओळ उमटायची : योग्य ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही.

“काल चालली होती की,” रेमी म्हणाला. “तुम्हीच यार्डातून बाहेर काढलीत.”

“काल चालली. मी तेच म्हणतोय. जुनं कार्ड कुठंय?”

“तुमच्या खणात. माझ्यादेखत कुलूप लावलंत.”

“हं. ते आहे.” ओरेस्टनं ते सकाळीच बघून घेतलं होतं. “पण नवं ते नवंच कशावरून? शाळेतले कॉम्प्युटर तूच दुरुस्त करतोस ना? तिथं पडलेली असतील पुष्कळ.”

“असतात. पण ती लावली तर तुमची गाडी कोळशावर चालवावी लागेल.”

ओरेस्ट हसला नाही.

“बाबा, चष्मा सापडला का?” स्वयंपाकघरातून लॅरिसा ओरडली.

“नाही!”

“मग निदान त्याला छळू तरी नका!”

रेमीनं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मशीन बंद करून चालू केलं. गेमच्या फायली तपासल्या. दर खेपेला ओरेस्ट आपली खुर्ची वीतभर जवळ सरकवायचा. चष्म्याशिवाय त्याला स्क्रीनवरचं अक्षर दिसत नव्हतं. तो रेमीची बोटं बघत होता. “हे काय दाबलंस?” “ते कुठं गेलं?” रेमी प्रत्येक वेळी सांगत होता.

चौथ्यांदाही तीच ओळ आली.

“आता उघडूनच बघतो,” रेमी म्हणाला.

“उघडायचं कशाला?” ओरेस्ट एकदम म्हणाला. “आत काय असणार? काहीतरी बटण चुकलं असेल तुझं.”

रेमी तोवर मशीन बंद करून गुडघ्यांवर बसला होता. त्यानं टेबलाखालून सीपीयू ओढला, मागची बाजू बघितली आणि थांबला. स्क्रीनची वायर काल त्यानं कार्डाला जोडली होती. आज ती वरच्या, मशीनच्या स्वतःच्या सॉकेटमध्ये होती.

“जरा उजेड दाखवता?”

ओरेस्टनं टॉर्च धरला. रेमीनं बाजूचा पत्रा काढला. कार्ड एका टोकाला वर उचललेलं होतं, त्याचा स्क्रू अर्धाच फिरवलेला. आणि तळाशी, वायरींच्या गुंत्यात, चष्मा पडला होता.

ओरेस्टनं टॉर्च बाजूला वळवला.

सकाळी लॅरिसा चर्चला निघाली तेव्हा गुडघ्याचं निमित्त सांगून ओरेस्ट घरी राहिला होता. कार्डावरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. जुळला. मग कार्ड परत बसवताना चष्मा नाकावरून घसरला, कुठं गेला ते कळलं नाही, आणि पुढचं सगळं त्यानं चाचपडत केलं. स्क्रीन काळीच राहिली तेव्हा त्यानं वायर दुसरीकडे लावून पाहिली. उजेड आला. झालं म्हणायचं, असं त्याला वाटलं होतं.

रेमीनं चष्म्याकडे बघितलं. मग ओरेस्टकडे.

“काय निघालं?” लॅरिसा दारात उभी होती. हात कोपरापर्यंत पिठात.

ओरेस्टनं टॉर्च विझवला. त्याचे कान तापले. रेमीचा हात चष्म्यावर मिटला.

“माझीच चूक,” रेमी म्हणाला. “काल घाईघाईत कार्ड नीट दाबलं नाही. वायरही भलतीकडेच लावून गेलो.”

“कमाल आहे तुझी! याच कामावर पोट भरतोस ना?”

“हो ना.”

“लाज वाटायला हवी.”

“वाटतेय.”

लॅरिसा हसत आत गेली. रेमीनं कार्ड दाबलं; टक् असा आवाज झाला. स्क्रू आवळला, वायर जागेवर लावली, मशीन चालू केलं. उठताना चष्मा ओरेस्टच्या हाताशी ठेवला. दोघंही एकमेकांकडे न बघता स्क्रीनकडे बघत राहिले. गेम सुरू झाला. यार्डात इंजिन उभं होतं, सिग्नल हिरवा होता.

“हाका की,” रेमी म्हणाला.

“जेवल्यावर.”

रेमी हात धुवायला गेला, ओरेस्ट जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला. लॅरिसानं पेरोगीचं, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, वाफाळतं भांडं टेबलावर आणून ठेवलं आणि खाली वाकून हळूच विचारलं, “आता तरी पटलं ना, बाबा? साधा माणूस आहे तो.”

“खोटं बोलतो,” ओरेस्ट म्हणाला.

“काय?”

“तोंडावर बोलतो. पापणीही हलत नाही त्याची. मी बघितलंय.”

लॅरिसा तशीच वाकलेली राहिली. ओरेस्टनं रेमीची ताटली ओढून घेतली, तिच्यात पेरोगी वाढल्या, वर तळलेला कांदा घातला, मग अजून थोडा घातला. न्हाणीघरातला नळ बंद झाला तशी त्यानं ती ताटली टेबलाच्या पलीकडे परत न सरकवता आपल्याच कोपराशी ठेवली.

“इथं बसव त्याला,” तो म्हणाला. “माझ्याजवळ. नजर ठेवायला बरं.”