दीनानाथांचा जोड

"हात लावायचा न्हाई म्हनलेत पोलीस," रंगराव म्हणाला. "उद्या आरटीओचे साहेब येनार हायेत बघायला."

"मीही बघायलाच आलोय," दीनानाथ म्हणाले. "गाडी काही खाणार नाही."

धायरीत रंगरावाच्या गॅरेजमागे मोकळी जागा होती. अपघाताच्या गाड्या पोलीस तिथेच आणून टाकत. दीनानाथांच्या मुलाची, शौनकची, करड्या रंगाची सात सीटांची व्हॅन भिंतीशी उभी होती. तिचं डाव्या बाजूचं तोंड पार आत गेलं होतं. त्या बाजूला स्वराली बसली होती, दीनानाथांची सून. तिकडे न बघता ते उजव्या दाराने आत शिरले.

पंधरा ऑगस्टची सुटी म्हणून शौनक आणि स्वराली खडकवासल्याला गेले होते. त्यांच्या लहान मुलीला, राधाला, सर्दी होती, म्हणून ती आजोबांपाशी घरीच राहिली. परतताना भर पावसात गाडी कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. शौनकचा हात मोडला. स्वराली दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

"पंखा बंद पडला," शौनक एवढंच सांगायचा. पोलिसांना तेच, भेटायला येणाऱ्यांना तेच. "काचेवर वाफ धरली. समोरचं काही दिसेना."

आणि तो पंखा दीनानाथांनी दुरुस्त केला होता.

एसीच्या पंख्याचा प्लग वितळला होता. दीनानाथांची हयात कारखान्यात वायरिंग करण्यात गेलेली. स्वेच्छानिवृत्ती असं गोंडस नाव देऊन कारखान्याने त्यांना घरी बसवलं, तेव्हापासून मिक्सर असो की दारावरची बेल, कशालाही त्यांनी बाहेरच्याचा हात लागू दिला नव्हता. "बाबा, एकदा गॅरेजला दाखवू या का?" असं स्वरालीने जपून विचारलं, तेव्हा ते फिस्कारले होते, "का? मी मेलोय का?" जळका प्लग कापून त्यांनी वायरी सरळ एकमेकींना पिळल्या, वर टेप गुंडाळली आणि सगळ्यांना सिंहगड रस्त्याला चक्कर मारायला नेलं. पंखा झकास चालला. फक्त शौनकचा मोबाईल वाजला की तो आधी पंख्याचं बटण शून्यावर आणायचा. अमेरिकेतल्या साहेबाला म्हणे घरघर ऐकू जायची. दीनानाथांना भारी राग आला होता. आपल्या कामाला घरघर म्हणतो!

आता त्या रागाचीही लाज वाटत होती. आपण खरंच मेलो असतो तर गाडी गॅरेजला गेली असती आणि सून वाचली असती, हे त्यांच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाबा," शौनक म्हणाला होता. त्या समजुतीने तर ते आणखीच खचले. नेमकं काय सुटलं, कुठे सुटलं, एवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्याशिवाय झोप लागणार नव्हती.

डॅशबोर्डवर स्वरालीची ओढणी चुरगळून पडली होती. बिचारी काच पुसत असणार. ओढणीला कुबट वास येत होता. दीनानाथांनी ती घडी घालून सीटवर ठेवली.

जोड बघायचा धीर होईना, म्हणून त्यांनी लांबून सुरुवात केली. पंख्याचं बटण शून्यावर होतं, ते एकवर आणलं. फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत होती. शेवटी ते वाकले, दोन सीटांच्या मधल्या खोक्याखाली हात घातला आणि टेप चाचपली. वायर ओढून पाहिली. जरा जोराने ओढली. जोड हलला नाही.

"रंगराव, तुमची एखादी बॅटरी लावता का? आणि किल्ली द्या."

"काका, कशापायी जिवाला तरास करून घेता?" असं पुटपुटत रंगरावाने बॅटरी आणली, वायरी लावल्या. दीनानाथांनी किल्ली फिरवली.

पंखा सुरू झाला.

जाळीतून धुळीचा झोत तोंडावर आला. त्यांनी बटण दोनवर नेलं, तीनवर नेलं, चारवर नेलं. वारा वाढत गेला, पंखा कुठेही अडखळला नाही.

"ह्यो तर ब्येस चाललाय की, काका!"

दीनानाथ त्या वाऱ्यात तोंड धरून बसले आणि लहान मुलासारखे रडले. आपला जोड सुटला नव्हता. पोरीला आपण मारलं नव्हतं. इतक्या दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता.

"मग त्या दिशी बंद कसा पडला म्हनायचा?" रंगरावाने विचारलं.

दीनानाथ डोळे पुसता पुसता थांबले. त्यांची नजर बटणाकडे गेली. मघाशी ते शून्यावर होतं.

पंधरा ऑगस्टची सुटी इथे. अमेरिकेला कसली सुटी? फोन आलाच असणार.

शेजारी ओढणीची घडी होती. घरी राधा बापाचं प्लास्टर घट्ट धरून निजायची, झोपेतही सोडायची नाही. आई गेली होती, आणि आता बापाला पोलिसांनी नेलं तर त्या पोरीने हात कुणाचा धरायचा?

"काका?"

दीनानाथांनी खिशातून पक्कड काढली आणि मधल्या खोक्याखाली वाकले. टेप सोलल्याचा आवाज आला. मग एक हिसका, आणि पंखा थांबला.

"बघा, बंद पडला," ते उठत म्हणाले. "जोड माझ्या हातचा आहे. उद्या साहेबांना तसंच सांगा."