तीन महिन्यांचं पाणी

"तीन महिन्यांत हजार लिटर," कुवाहारा हेडमास्तरांनी पाणीपट्टीचा कागद डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचलं. "फक्त हजार."

"एवढ्यात माणूस राहत नाही," सेइगो म्हणाला. "कुंडीतलं झाड राहतं."

निवडणूक समितीचे बाकी तिघे हसले. समोर बसलेली चिहारु हसली नाही; पाणीपट्टी तिच्या घरची होती. ऐन हिवाळ्यात ओसाकाहून येऊन तिने या गावात बिऱ्हाड केलं होतं, टोफूवाल्यांकडे कामाला लागली होती आणि जुलैत गावच्या पंचायतीच्या निवडणुकीला उभी राहून तिने सेइगोला चार मतांनी पाडलं होतं. उमेदवार मतदानाआधी सलग तीन महिने गावात राहिलेला असावा असा कायदा आहे. ही राहते शहरात आणि इथे नुसतं नाव लावलंय, तिला उभं राहण्याचा हक्कच नव्हता, असा सेइगोचा अर्ज होता. तो मंजूर झाला तर तिची मतं बाद आणि जागा सेइगोची.

साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेली फुसाए ही सेइगोची सख्खी मोठी बहीण. गरम पाण्याच्या हौदांचं गावाचं सार्वजनिक न्हाणीघर तिचं. तीनला भट्टी पेटवायची होती, म्हणून तिचा एक डोळा घड्याळावर होता. चिहारुने साक्षीला तिचं नाव दिलं तेव्हा सेइगो मनातून खूश झाला होता, हे तिला ठाऊक होतं. आपली ताई आपल्या विरुद्ध काय बोलणार? पडल्यापासून तो खुरपं हातात घेऊन अंगणात नुसता इकडून तिकडे फिरायचा. ते बघून तिचा जीव तुटायचा. पण खोटं बोलणं तिच्या जिभेला जमणारं नव्हतं.

"ही मुलगी तुमच्याकडे येते?" हेडमास्तरांनी विचारलं.

"येते की. रोज पाचच्या सुमाराला. अंघोळ माझ्याकडे, कपडे माझ्या शेजारच्या धुलाईच्या दुकानात, दोन्ही वेळचं जेवण टोफूवाल्यांकडे. घरी हजार लिटर तरी कशाला लागलं, मला त्याचंच नवल वाटतंय."

"चहाला," चिहारु हळूच म्हणाली.

"काही नोंद? वही, पावती?"

"वही नाही. फळी आहे." फुसाएने हाताने लांबी दाखवली. "रोजच्या बायका आपलं तसराळं नि साबण तिथे ठेवून जातात. ती जागा मागून मिळत नाही, जुन्या बायका ठरवतात. योने आजी गेल्या, तेव्हा त्यांची जागा महिनाभर रिकामी ठेवली होती. मग बायकांनीच हिचं तसराळं तिथे मांडलं."

"तसराळ्याला मत नसतं, ताई," सेइगो म्हणाला. "ते इथे ठेवून माणूस ओसाकात झोपू शकतो."

हेडमास्तरांनी मान हलवली. "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण उद्या हे वरच्या कचेरीत टिकायला हवं. त्या वेळी रोज तिथे असणारं दुसरं कोणी आहे का? हिच्या बाजूचं नसलेलं?"

होतं एक माणूस. नाव घ्यावं की न घ्यावं, या विचारात फुसाए घड्याळाकडे बघत राहिली.

"सेइगो," ती शेवटी म्हणाली, "पाच वाजता तू हौदात असतोस ना रे?"

"असतो. वीस वर्षं असतो. त्याचं काय?"

"भिंतीपलीकडे कोण गातं?"

पुरुषांच्या आणि बायकांच्या हौदांमधली भिंत छतापर्यंत जात नाही. वरून वाफ जाते, तसा आवाजही जातो. रोज संध्याकाळी सेइगो गळ्यापर्यंत पाण्यात बसून त्या भिंतीवरून ओरडायचा, अहो बाई, पुरे करा आता. समितीतल्या दोघांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि ते आता टेबलाकडे बघत होते.

सेइगो खुर्चीतच वळला. "ती तू होय?"

चिहारुचे कान लाल झाले. "माफ करा, काका. तुम्ही पुरे म्हणालात की मी थांबते ना."

"थांबतेस. आणखी एक कडवं झाल्यावर."

हेडमास्तरांनी चष्मा काढून ठेवला. "सेइगो, अर्ज तुमचा आहे, उत्तर द्यायची सक्ती नाही. तरी विचारतो. हा आवाज कधीपासून ऐकताय?"

त्याने नुसतं 'आठवत नाही' म्हटलं असतं, तरी जागा त्याची होती. आणि त्यानंतर फुसाएला तो कधीच पूर्वीसारखा आवडला नसता.

सेइगोने खिडकीबाहेर पाहिलं.

"बर्फ पडत होता तेव्हापासून," तो म्हणाला. "फार बेसूर गाते."

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा लावला.

"रोज?"

"रोज. सोमवार सोडून."

कारकुनाची लेखणी थांबली. "म्हणजे सोमवारी ती गावात नसते, असं लिहू?"

"डोकं ठिकाणावर आहे का?" सेइगो त्याच्यावर खेकसला. "सोमवारी ताई न्हाणीघर बंद ठेवते. त्या दिवशी आमचं सगळं गावच पारोसं असतं, हिच्यासकट."